टॅब्लॉइडचे पहिले पान वाचकाचे मत नेमके कुठे वळवते?

प्रश्न : मैथिली

येत्या सत्रात पत्रकारितेच्या वर्गाला ब्रिटनमधील टॅब्लॉइड वृत्तपत्रे हा घटक शिकवायचा आहे आणि तयारी करताना एका ठिकाणी मी अडले आहे. हाताशी असलेल्या टिपणांत टॅब्लॉइडची लक्षणे नेहमीप्रमाणे ओळीने दिलेली आहेत: लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत वृत्तपत्राचे नाव, अर्धे पान व्यापणारा जाड ठशाचा मथळा, मोठे छायाचित्र, कोट्या, अनुप्रास, थोडका मजकूर आणि नामवंतांच्या खासगी आयुष्याविषयीचे कुतूहल. विद्यार्थी ही यादी पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक उतरवतात. पण या सगळ्याचा वाचकावर परिणाम कसा होतो असे विचारले, की ‘लक्ष वेधले जाते’ या उत्तरापुढे कोणी सरकत नाही. लक्ष वेधून घेणे म्हणजे मत बनवणे नव्हे. लक्ष वेधल्यानंतर वाचकाच्या मनात जे काही घडते ते पानाची मांडणी घडवते की मजकूर, हे मला नीट उलगडून सांगता येत नाही.

दुसरी अडचण चित्रणाची आहे. एखादा समाजगट, एखादा संशयित, एखादी स्त्री किंवा एखादा राजकीय नेता पानावर कसा दाखवला जातो हे सांगताना आपण पटकन ‘विपर्यास’ हा शब्द वापरतो. परंतु कित्येकदा बातमीतले एकेक वाक्य तपासले तर ते खरे निघते आणि तरीही पूर्ण पान पाहून होणारा ग्रह चुकीचाच असतो. अशा वेळी बोट नेमके कशावर ठेवायचे? आणि तिसरे असे, की वाचक खरोखर प्रभावित होतो याला काही पुरावा आहे का, की इतरांना भोळे समजून आपणच ते गृहीत धरतो?

चर्चा छापील पहिल्या पानापुरती ठेवली तर बरे होईल. संकेतस्थळांचे गणित वेगळे आहे. शक्यतो एखादे प्रत्यक्ष पान समोर ठेवून लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : जुना जुळारी

मैथिलीताई, माझी नोकरीची बहुतेक वर्षे पाने लावण्यात गेली, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो.

सुरुवात कागदाच्या मापापासून करावी लागेल. ब्रॉडशीट, म्हणजे जुन्या मोठ्या मापाच्या वृत्तपत्राचे पान साधारण 600 मिलिमीटर उंच आणि 375 मिलिमीटर रुंद असते आणि ते आडवे दुमडून विक्रीला ठेवले जाते. त्यामुळे घडीच्या वरच्या भागात तीन-चार बातम्या दिसल्या पाहिजेत, त्यांच्यात लहानमोठेपणाचा क्रम दिसला पाहिजे, अशी तिथली रीत पडली. टॅब्लॉइडचे पान याच्या साधारण निम्मे, म्हणजे 430 बाय 280 मिलिमीटरच्या आसपास. ते दुमडावे लागत नाही, सगळे एका नजरेत येते. परिणामी त्या पानावर बातम्यांची यादी राहत नाही, एकच विधान उरते. ब्रॉडशीटच्या वाचकाला निदान इतके तरी दिसते, की संपादकाने अमुक बातमी वर घेतली आणि तमुक खाली टाकली. तो या क्रमाशी मनात वाद घालू शकतो. टॅब्लॉइडच्या पहिल्या पानावर तुलनेला दुसरे काही शिल्लकच नसते. आज जगात महत्त्वाचे काय, हा प्रश्न वाचकाने विचारण्याआधीच मिटलेला असतो. एकही शब्द वाचला जाण्यापूर्वीचा हा परिणाम आहे आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा आहे.

त्यानंतर येते अक्षरांच्या रुंदीचे गणित. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अतिजाड कॅपिटल अक्षरांत मथळा लावायचा ठरला, की एका ओळीत जेमतेम दहा-बारा अक्षरे मावतात. मग शब्द आखूड लागतात, आणि जे शब्द कापले जातात ते कोणते, हे पाहण्यासारखे असते. ‘कथित’, ‘आरोप’, ‘सूत्रांच्या मते’, ‘शक्यता’ हे सगळे सावधगिरीचे शब्द. बातमीचा कर्ता आणि क्रियापद राहते, शंका गळते. मथळा जितका मोठा तितका तो ठाम, असे होते ते केवळ संपादकाच्या दुष्टाव्याने नव्हे. रात्री डमीसमोर, म्हणजे पानाच्या आराखड्यासमोर, बसलेल्या उपसंपादकाला ठरलेल्या जागेत शब्द बसवायचे असतात. पण मथळ्याचा आकार ठरवणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते, म्हणून जागेची सबब मी पूर्ण मान्य करत नाही.

‘द सन’चे 9 मार्च 2016 चे पान या दृष्टीने वर्गात जरूर दाखवा. ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे (म्हणजे ब्रेक्झिट) यावरील सार्वमत साडेतीन महिन्यांवर आले होते आणि मथळा होता तीन शब्दांचा: ‘राणीचा ब्रेक्झिटला पाठिंबा’. आतली बातमी काय होती? राणीने 2011 मध्ये विंडसर येथील एका भोजनाच्या वेळी तत्कालीन उपपंतप्रधान निक क्लेग यांच्यापाशी युरोपीय संघाविषयी तीव्र नाराजी व्यक्त केली, असे निनावी सूत्रांच्या हवाल्याने सांगितले होते. क्लेग यांनी ते नाकारले. क्षणभर ते खरे धरले, तरी 2011 मध्ये सार्वमत जाहीरही झालेले नव्हते. ‘नाराजी व्यक्त केली होती म्हणे’ येथून ‘पाठिंबा आहे’ येथपर्यंतचे अंतर मथळ्याने तीन शब्दांत कापले, आणि ज्या सम्राज्ञीने राजकारणात बाजू घ्यायची नसते तिला थेट एका बाजूला उभे केले. राजवाड्याने तक्रार केली, तेव्हा ‘इप्सो’ या वृत्तपत्रांच्या स्वनियमन संस्थेने मथळा लक्षणीय दिशाभूल करणारा असल्याचा निर्णय दिला. कारण मजकुराचा आधार त्याला नव्हता.

तिसरी गोष्ट म्हणजे शेजार. मथळा आणि छायाचित्र शेजारी लावले, की वाचक त्यांच्यातला संबंध स्वतः जोडतो. 9 एप्रिल 1992, ब्रिटनमध्ये मतदानाचा दिवस. ‘द सन’च्या पहिल्या पानावर मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांचे डोके विजेच्या दिव्याच्या काचेत बसवलेले होते आणि मजकुराचा आशय असा, की आज हे गृहस्थ जिंकले तर देश सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने कृपया दिवे घालवावेत. यात खोटे ठरवता येईल असे एकही विधान नाही. आर्थिक धोरणावर वाद घालता येतो; दिव्यात बसवलेल्या डोक्याशी कोणी काय वाद घालणार? त्या पानाची सगळी ताकद इथे आहे: ते युक्तिवाद करतच नाही. (टक्कल आणि दिव्याची काच यांचे साम्य ज्याच्या लक्षात प्रथम आले तो माणूस कामात तरबेज होता, हे व्यवसायबंधू म्हणून कबूल करायला हवे.)

छायाचित्राच्या या जोरावर टॅब्लॉइड उभेच राहिले. वृत्तपत्रमालक हार्म्सवर्थ यांनी 1903 मध्ये ‘डेली मिरर’ स्त्रियांसाठी म्हणून काढले ते चालले नाही. पुढल्याच वर्षी त्याचे सचित्र वृत्तपत्र केले आणि ते उचलले गेले. रूपर्ट मरडॉक यांनी 1969 मध्ये ‘द सन’ विकत घेऊन त्याला टॅब्लॉइडचे रूप दिले आणि 1986 मध्ये छपाई लंडनमधील वॅपिंगला हलवून संगणकीय जुळणी आणली. पडद्यावर पान लागू लागल्यावर चेहरा कापून काढणे आणि हव्या त्या पार्श्वभूमीवर बसवणे हे मिनिटांचे काम झाले.

प्रतिसाद : तळटीप

जुळारीकाकांनी मांडणीची बाजू नेमकी सांगितली आहे. मैथिली, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, म्हणजे एकेक वाक्य खरे असले तरी चित्रण खोटे कसे ठरते. त्याआधी मात्र वाक्यच खोटे असल्याचे एक पान घेऊ, कारण खोट्याला खऱ्याचे वजन देण्यात मांडणीने काय केले ते तिथे स्पष्ट दिसते.

शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर 15 एप्रिल 1989 रोजी फुटबॉल सामन्याच्या वेळी चेंगराचेंगरी झाली आणि तिच्यात पुढे मरण पावलेल्यांसह लिव्हरपूलच्या 97 समर्थकांचा बळी गेला. चार दिवसांनी ‘द सन’ने पहिल्या पानावर दोनच इंग्रजी शब्दांचा प्रचंड मथळा छापला, त्याचा अर्थ ‘हे सत्य’. त्याखाली तीन ओळी: काही समर्थकांनी मृतांचे खिसे कापले, काहींनी पोलिसांवर लघवी केली, कृत्रिम श्वास देणाऱ्या पोलिसाला काहींनी मारले. हे आरोप पोलिसांकडून आणि एका खासदाराकडून एका स्थानिक वृत्तसंस्थेमार्फत आले होते, आणि ते इतर वृत्तपत्रांनीही त्याच दिवशी छापले. फरक मथळ्यात होता. ‘डेली एक्सप्रेस’च्या मथळ्याचा आशय होता, की दारू प्यालेल्या समर्थकांवर पोलिसांचा आरोप. ते वाचणाऱ्याला निदान आरोप कोणाचा, हे कळत होते. आरोप करणाऱ्याचाच यात काही स्वार्थ असेल का, असा प्रश्न त्याच्या मनात येण्यास वाव होता. ‘द सन’च्या मथळ्यात आरोप करणारा नाहीसा झाला. उरले ते फक्त सत्य, तेही पानातील सर्वांत मोठ्या अक्षरांत.

म्हणून विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न हा विचारायला शिकवावे: बोलणारा कोण आहे आणि तो पानावर किती मोठ्या अक्षरांत दिसतो? टॅब्लॉइडमध्ये बहुतेकदा आरोप मथळ्यात असतो, आरोप करणारा इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदात, असतो, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे आतल्या पानावर बातमीच्या शेपटाला असते. तिघेही छापलेले असतात, त्यामुळे एकांगीपणाचा ठपका टाळता येतो. पण तिघांचे आकार वेगळे असतात आणि वाचकाच्या लक्षात जे राहते ते आकाराच्या प्रमाणात राहते.

आता आकडा खरा आणि चित्रण खोटे, याचे उदाहरण. 23 नोव्हेंबर 2015 रोजी, म्हणजे पॅरिसमधील हल्ल्यांनंतर दहा दिवसांनी, ‘द सन’ने पहिल्या पानावर सांगितले, की ब्रिटनमधील दर पाच मुस्लिमांपैकी एकाला जिहादींविषयी सहानुभूती आहे. यासाठी एक जनमत पाहणी केलेली होती आणि तिच्यात साधारण एक पंचमांश उत्तरे खरोखर त्या रकान्यात पडली होती. पण विचारलेला प्रश्न होता, ‘सीरियातील लढणाऱ्यांना सामील होण्यासाठी ब्रिटन सोडून जाणाऱ्या तरुण मुस्लिमांबद्दल तुम्हाला सहानुभूती वाटते का’. त्यात जिहादी हा शब्द नव्हता, इस्लामिक स्टेटचा उल्लेख नव्हता, आणि सीरियात तेव्हा एकमेकांविरुद्ध लढणारे अनेक गट होते. शिवाय सहानुभूती कोणाविषयी, तर जाणाऱ्या मुलांविषयी. घरातला मुलगा वाट चुकला म्हणून हळहळणे आणि त्याच्या कृत्याला पाठिंबा देणे यांत फरक आहे, हे कोणीही सांगेल. सहानुभूती ‘थोडी’ आहे म्हणणारे बहुसंख्य होते, ‘बरीच’ म्हणणारे थोडे होते. दोघांना एकत्र करून एक आकडा केला. ‘इप्सो’ने 2016 मध्ये हे पानही लक्षणीय दिशाभूल करणारे ठरवले.

मला यातली सर्वांत परिणामकारक गोष्ट वाटते ती ‘पाचपैकी एक’ या रचनेची. टक्केवारी कागदावर राहते. पाचपैकी एक म्हटले, की वाचक आपल्या ओळखीची पाच माणसे डोळ्यांसमोर आणतो आणि त्यांतला कोणता, असे मोजू लागतो. वांशिक किंवा धार्मिक गटाचे चित्रण बहुधा असेच होते. त्या गटातली माणसे नावागावाने, व्यवसायाने, चेहऱ्याने फारशी येत नाहीत, संख्येने येतात. उलट ‘आपली’ माणसे सर्वनामाने येतात. फॉकलंड युद्धात बेलग्रानो या अर्जेंटिनी युद्धनौकेवर हल्ला झाल्यावर 4 मे 1982 च्या ‘द सन’मध्ये ‘सापडलात!’ अशा अर्थाचा एकशब्दी मथळा होता आणि त्याखाली ‘आपल्या पोरांनी’ काय केले ते सांगितले होते. पानावर जहाज होते. त्यावरची माणसे दिसत नव्हती. जीवितहानीच्या वार्ता येऊ लागल्यावर नंतरच्या आवृत्त्यांत मथळा बदलण्यात आला. मृतांचा आकडा पुढे 323 निघाला.

प्रतिसाद : निरंजन

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत, परंतु दोन्हींत एक गृहीतक न तपासता पुढे गेले आहे, ते असे, की पानावर जे केले जाते ते वाचकाच्या डोक्यात जसेच्या तसे उतरते. माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी 1970 च्या दशकातच दाखवून दिले होते, की संदेश घडवणाऱ्याने योजलेला अर्थ वाचक पूर्ण स्वीकारतो, काही अंशी स्वीकारतो किंवा साफ उलटा लावतो. ‘द सन’ विकत घेणारे कित्येक जण ते फुटबॉलसाठी घेत आणि त्यांनी मत मात्र मजूर पक्षाला दिलेले असे. 1992 च्या निवडणुकीत किनॉक हरले आणि दोन दिवसांनी हुजूर पक्षाच्या विजयाचे श्रेय स्वतःकडे घेणारा मथळा त्या वृत्तपत्राने छापला खरा. पण स्वतःची जाहिरात म्हणजे पुरावा नव्हे. वृत्तपत्रे आपल्या प्रभावाविषयी बढाई मारतात, टीकाकार ती खरी धरतात, आणि दोघांचेही त्यात हित असते.

जुळारीकाकांच्या मापाच्या मुद्द्यालाही माझी हरकत आहे. ‘द टाइम्स’ 2004 पासून आणि ‘द गार्डियन’ 2018 पासून टॅब्लॉइड आकारातच निघतात. त्यांची पहिली पाने ‘द सन’सारखी झाली नाहीत. तेव्हा कारण कागदाच्या मापात नसून धोरणात आहे.

आता पुरावा. मला ठाऊक असलेल्यांत दोन अभ्यास खरोखर विचार करायला लावतात. ‘द सन’ने मार्च 1997 मध्ये पाठिंबा मजूर पक्षाकडे वळवला, तेव्हा इतरही काही वृत्तपत्रे त्या बाजूला गेली होती. लॅड आणि लेन्झ या अमेरिकी संशोधकांनी त्याच लोकांच्या आधीच्या आणि नंतरच्या मुलाखती वापरून अशा वृत्तपत्रांच्या वाचकांची इतरांशी तुलना केली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अंदाज असा, की 10 ते 25 टक्के वाचकांचे मत या बदलामुळे वळले. दुसरा अभ्यास फूस आणि बिशॉफ यांचा आहे, आणि तो तळटीप यांच्या उदाहरणाशीच जोडलेला आहे. हिल्सबरोच्या त्या पानानंतर लिव्हरपूल ज्यात येते त्या मर्सीसाइड भागात ‘द सन’वर बहिष्कार पडला आणि तो टिकला. म्हणजे ब्रिटनच्या एका भागातून एक वृत्तपत्र जवळजवळ अचानक नाहीसे झाले, आणि त्याचा युरोपविषयीच्या बातम्यांशी काही संबंध नव्हता. संशोधकांनी त्या भागातील आणि इतर भागांतील मते बहिष्कारापूर्वी आणि नंतर ताडून पाहिली, तेव्हा मर्सीसाइडमध्ये युरोपविरोध इतरांच्या मानाने घटलेला आढळला, आणि ही घट प्रामुख्याने श्रमिक वर्गात होती.

प्रभाव असतो, हे त्यामुळे मी मान्य करतो. मात्र हा प्रभाव वर्षानुवर्षे रोज तेच वृत्तपत्र हातात पडण्याचा आहे. त्यात मांडणीचा वाटा किती, मजकुराचा किती आणि बातम्यांच्या निवडीचा किती, हे या अभ्यासांतून वेगळे काढता येत नाही. एका पानाच्या विश्लेषणावरून ‘वाचकाचे मत असे बदलले’ असा निष्कर्ष विद्यार्थी काढत असतील तर त्यांना थांबवावे. ‘हे पान वाचकाला अमुक अर्थाकडे नेऊ पाहते’ इतकेच म्हणता येईल.

प्रतिसाद : जुना जुळारी

निरंजन, हरकत रास्त आहे, पण अर्धी. ‘द टाइम्स’ने माप लहान केले तरी पहिल्या पानावर एकाहून अधिक बातम्या ठेवल्या, म्हणजे ब्रॉडशीटची जुनी शिस्त त्यांनी लहान कागदावर आणली. माप सोय करून देते, सक्ती करत नाही, एवढी दुरुस्ती मला मान्य आहे.

प्रतिसाद : अपर्णा

चर्चेत छायाचित्राच्या निवडीबद्दल थोडेच आले आहे, म्हणून भर घालते. एखाद्या माणसाची शंभर छायाचित्रे उपलब्ध असतात आणि त्यांतले एक छापले जाते. ते अस्सल असते, त्यात काही बदल केलेला नसतो, त्यामुळे आक्षेप घ्यायला जागा राहत नाही. चित्रण होते ते या निवडीत.

डिसेंबर 2010 मध्ये ब्रिस्टल येथील एका तरुणीच्या खुनाच्या तपासात तिच्या घरमालकाला, एका निवृत्त शिक्षकाला, अटक झाली. त्यांचे केस विस्कटलेले आणि वेगळ्या रंगछटेचे होते, बोलण्याची ढब चारचौघांपेक्षा निराळी होती. वृत्तपत्रांनी नेमके ते केस दिसणारे छायाचित्र पान भरून छापले आणि भोवती विक्षिप्त, विचित्र, भीतीदायक अशी विशेषणे पेरली. यातला कोणताही शब्द ‘हा खुनी आहे’ असे म्हणत नव्हता. पण अटकेच्या बातमीशेजारी विचित्र चेहरा ठेवल्यावर वाचकाला आणखी काय सांगायला हवे? गृहस्थ पूर्णपणे निर्दोष होते. खून दुसऱ्याने केला होता. 2011 मध्ये आठ वृत्तपत्रांना त्यांना बदनामीची भरपाई द्यावी लागली, आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल ‘डेली मिरर’ला 50,000 पौंड व ‘द सन’ला 18,000 पौंड दंड झाला. मैथिली, तुमच्या ‘बोट कशावर ठेवायचे’ या प्रश्नाला यापेक्षा स्पष्ट उत्तर मला सुचत नाही. न्यायालयाने एखादेच वाक्य सुटे काढून तपासले नाही. अशा बातम्यांमुळे पुढील खटल्याला किती गंभीर धोका निर्माण होतो, हे पाहिले.

स्त्रियांच्या बाबतीत आकार हाच अर्थ ठरतो. ‘द सन’च्या तिसऱ्या पानावर 1970 पासून अर्धनग्न तरुणीचे छायाचित्र येत असे आणि ते 2015 पर्यंत चालू राहिले. त्याविरुद्ध 2012 मध्ये जी मोहीम सुरू झाली तिचे निमित्त लंडन ऑलिंपिकचे होते: जेसिका एनिस या ब्रिटिश अॅथलीटने सुवर्णपदक जिंकले असतानाही अंकातले स्त्रीचे सर्वांत मोठे छायाचित्र तिचे नव्हते, तर तिसऱ्या पानावरच्या तरुणीचे होते. तिसरे पान अश्लील आहे की नाही हा वाद चाळीस वर्षे चालला आणि कुठेच पोचला नाही. अंकातल्या स्त्रियांची छायाचित्रे आकारमानाने मोजायला घेतल्यावर मात्र वादाची जागाच बदलली.

‘डेली मेल’चे 28 मार्च 2017 चे पहिले पान यातलेच आहे. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची औपचारिक सूचना दुसऱ्या दिवशी दिली जाणार होती, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा प्रश्न पेटलेला होता, पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या प्रथम मंत्री निकोला स्टर्जन यांची भेट झाली होती. पानावर दोघी शेजारी बसलेल्या दिसत होत्या आणि मथळा पायांवर कोटी करून विचारत होता, की ब्रेक्झिटचे राहू द्या, पायांची स्पर्धा कोणी जिंकली? गंमत म्हणून सोडून द्या, असे त्या वृत्तपत्राचे म्हणणे होते. कोटीचा हा उपयोग मला फार जुना वाटतो: जो आक्षेप घेतो त्याला विनोद कळत नाही, असे म्हणता येते.

मैथिली

सर्वांची आभारी आहे. निरंजन यांनी सुचवलेली सावध भाषा मी वर्गात वापरेनच. एक शंका उरते. चूक सिद्ध झाल्यावर जी दुरुस्ती किंवा क्षमायाचना छापली जाते, तिच्या मांडणीबद्दल काही नियम आहे का?

प्रतिसाद : तळटीप

‘इप्सो’च्या आचारसंहितेत दुरुस्तीला ‘योग्य ठळकपणा’ मिळावा अशी अपेक्षा आहे, मूळ बातमीइतकाच ठळकपणा मिळावा अशी नाही. या दोन शब्दप्रयोगांमधल्या जागेतच सगळे घडते. राणीच्या प्रकरणात निर्णयाचा मजकूर दुसऱ्या पानावर छापायचा आणि पहिल्या पानावर त्याचा निर्देश करायचा, असा आदेश होता. तो पाळला गेला. पण ज्या मथळ्याने अख्खे पान व्यापले होते त्याची दुरुस्ती एका चौकटीत मावली, आणि संपादकांनी त्यानंतरही आपले काही चुकले असे मानले नाही.

हिल्सबरोबाबत मात्र पहिले पान वापरले गेले. स्वतंत्र समितीचा अहवाल आल्यावर 13 सप्टेंबर 2012 रोजी ‘द सन’ने ‘खरे सत्य’ अशा अर्थाचा मथळा देऊन मूळ वार्तांकनाबद्दल क्षमा मागितली. समर्थकांच्या वर्तनामुळे दुर्घटना घडली नाही, असे मृत्यूचौकशीतील ज्युरीने पुढे एप्रिल 2016 मध्ये नमूद केले. 1989 आणि 2012 ही दोन पाने वर्गात शेजारी लावता येतील. दोन्हींत मथळा मोठाच आहे. पण दुसऱ्यात तो कोणाच्या निष्कर्षावर आधारलेला आहे, हे वाचकाला शोधावे लागत नाही.